पत्र्यावरून पडणं आणि वीस हजारांचा कागद



मी बरीच वर्षं पत्रे बसवण्याचं काम केलं, म्हणून कामाचंच बोलतो. मे महिना आला की मालेगाव-भिवंडीत लूमच्या शेडवर आपली पोरं चढतात. मृगाच्या आत गळती बंद व्हायला हवी, त्यामुळे घाई असते. आणि जुना सिमेंटचा पत्रा मोठा फसवा. उन्हापावसाने तो ठिसूळ होतो, पण शेवाळ-धुळीमुळे वरून कळत नाही. उजेडासाठी टाकलेला फायबरचा पत्रा तर धुळीखाली ओळखूच येत नाही. लोकांना वाटतं माणूस कडेवरून घसरला. पुष्कळदा तो पत्रा फुटून आरपार खाली गेलेला असतो, थेट यंत्रावर.

जुने कारागीर सांगतात, बोल्टच्या ओळीवरून चाल. तिथे खाली लोखंड असतं, खरं आहे. पण तोल गेला की पाय ओळीबाहेर पडतोच. आडव्या फळ्या हव्यात, खाली जाळी हवी, आणि सेफ्टी बेल्ट लोखंडी कैचीला अडकवलेला हवा, पत्र्याच्या हुकाला नव्हे. नुसतं हेल्मेट देतात आणि फोटो काढतात. हेल्मेटने पडणं थांबत नाही.

पुढे मोहल्ल्यात काय होतं ते तुम्ही पाहिलंच आहे. ठेकेदार ओळखीचा, कधी नात्यातला. चार वडीलधारे बसतात, ‘तकदीर में था’ म्हणतात, वीस हजार देतात आणि कागदावर अंगठा घेतात. तकदीरवर माझाही विश्वास आहे. पण फळी न टाकणं ही तकदीर नाही, तो वाचवलेला खर्च आहे.

काम करताना इजा झाली तर मालकाने भरपाई द्यायची, हे 1923 पासून आपल्या कायद्यात आहे. त्यासाठी मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. हक्क सोडल्याचा असा कागद कायद्यापुढे टिकत नाही. मृत्यू झाला तर रक्कम सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे जमा करावी लागते. मय्यतीच्या घरी दिलेल्या पाकिटाने जबाबदारी संपत नाही. दावा मात्र दोन वर्षांच्या आत करायचा.

अडतं ते एका जागी: तो त्या दिवशी कामावर होता, याचा पुरावा. हजेरीची वही नसते. ठेकेदाराचे मेसेज, सोबत्यांची नावं, जागेचे फोटो जपून ठेवा. आणि दवाखान्यात लगेच पोहोचा, कारण केसपेपरवर ‘घरी जिन्यावरून पडला’ असं लिहवून घेतलं जातं. तुमच्यातल्या कोणीतरी तिथे उभं राहून सांगायचं: ‘शेडवर काम करताना पडला’ असं लिहा.