निखारा, धूर आणि यजमान

ऐन उन्हाळ्यात विस्तवाभोवती मेजवानी मांडावी, ही कल्पना मराठी माणसाला प्रथम विपरीतच वाटेल. हुरडा काय किंवा रायगड जिल्ह्यातील पोपटी काय, ही थंडीची सुखे. अमेरिकेत मात्र मे महिन्याच्या अखेरीस मेमोरियल डे उजाडला की परसापरसांत निखारे फुलू लागतात, आणि ४ जुलैच्या स्वातंत्र्यदिनी तर या सोहळ्याला भर येतो. बार्बेक्यू हा शब्द मूळचा कॅरिबियन बेटांवरील ताइनो लोकांचा. काठ्यांच्या माचीला ते 'बार्बाकोआ' म्हणत. शिकागोजवळील जॉर्ज स्टीफन यांनी १९५२ साली धातूचा पोकळ गोल कापून झाकणाची शेगडी बनविली आणि ही माची मध्यमवर्गाच्या अंगणात कायमची आली.

तथापि या आनंदाला एक काळी किनार आहे. मांस प्रखर आचेवर करपले की त्यात काही घातक रसायने निर्माण होतात. वितळलेली चरबी निखाऱ्यावर ठिबकली की उठणारा धूर तशीच द्रव्ये पुन्हा अन्नावर आणून बसवितो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली सॉसेजसारख्या प्रक्रिया केलेल्या मांसाचा समावेश कर्करोगास निश्चित कारणीभूत होणाऱ्या पदार्थांत केला. म्हणून तेथील सुजाण यजमान आता निसर्गाला धरून असलेल्या मेजवानीचा विचार करू लागला आहे.

पण 'नैसर्गिक' या शब्दाने फसून जाण्याचे कारण नाही. लाकडाचा धूरही नैसर्गिकच असतो. म्हणून तो फुप्फुसाला मानवतो असे नव्हे. खरा प्रश्न विस्तवावर ताबा ठेवण्याचा आहे. पेटविण्यासाठी रॉकेलसारखे द्रव ओतण्याऐवजी पत्र्याच्या उभ्या नळकांड्यात कागदावर कोळसा रचला, तर तो आपसूक पेटतो. निखारे शेगडीच्या एका बाजूस ओढले आणि मांस दुसऱ्या बाजूस ठेवले, तर चरबी विस्तवात पडत नाही. लिंबू, लसूण व मसाल्यात मुरविलेले मांस वारंवार उलटल्यास घातक द्रव्ये कमी तयार होतात. करपलेला भाग मात्र निःसंकोच काढून टाकावा.

करपण्याच्या भयाने मांस कच्चे ठेवणे हा दुसरा प्रमाद होय. कोंबडीच्या मांसाचे आतील तापमान ७४ अंश सेल्सिअस आणि खिम्याचे ७१ अंश झाले पाहिजे. ते डोळ्यांना दिसत नाही, त्यासाठी तापमापकच हवा. कच्चे मांस ज्या ताटातून आणले त्याच ताटात शिजलेले काढू नये. हवा ३२ अंशांहून अधिक तापली असेल, तर शिजलेले अन्न तासाभराहून अधिक काळ उघड्यावर राहता कामा नये.

मांसाबरोबर ढोबळी मिरची, कांदे, भुईछत्र्या, मक्याची कणसे, अननसाच्या चकत्या यांनाही मानाचे स्थान मिळाले, तर आरोग्य आणि रुची दोन्ही साधतात. अमेरिकेतील मराठी कुटुंबांत तर याला आणखी एक अर्थ आहे. एकाच पंगतीला मांसाहारी मित्र आणि शाकाहारी आजी बसतात. आजींसाठी निराळी जाळी, निराळा चिमटा आणि शक्य तर निराळी शेगडी ठेवणे, हा केवळ सोयीचा नव्हे, आदराचा प्रश्न आहे. ज्या जाळीवर सॉसेज भाजले तिच्यावरचे कणीस त्या हसून नाकारतील. पण उपाशी राहतील.

रायगडच्या पोपटीतही हेच शहाणपण आहे. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, मीठ, ओवा, कोणी अंडी वा कोंबडीही घालतात. पाण्याचा थेंबही नाही. तोंड पाल्याने बंद करून मडके उपडे ठेवतात आणि भोवती जाळ करतात. जाळ मडक्याला लागतो, शेंगांना नव्हे. अन्न स्वतःच्या वाफेवर शिजते. विस्तव जवळ असावा, पण अन्नाला भिडू नये, हे तेथील शेतकऱ्याला कोणत्याही प्रयोगशाळेने शिकविलेले नाही. अग्नी हा उत्तम सेवक आहे. मात्र पाहुणे घरी असताना त्याच्यावरची नजर काढणारा यजमान, यजमानपणास अपात्र ठरतो.