आमचा मुलगा डबल्स खेळतो

(मंडळाच्या वार्षिक बॅडमिंटन स्पर्धेच्या बक्षीस समारंभात, दुबई येथे केलेलं भाषण)



बक्षिसं वाटून झाली आहेत, मागून वडापावचा वास सुटला आहे, आणि अशा वेळी माझ्या हातात माइक दिला आहे. तेव्हा आटोपतं घेतो.

दर शनिवारी सकाळी मी आपल्या मुलांना बॅडमिंटन शिकवतो, हे आपल्याला माहीत आहेच. मध्यंतरी एका आईने मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "सर, तुम्ही आमच्या मुलाला डबल्समध्ये घातलंत. म्हणजे सिंगल्समध्ये त्याचं काही खरं नाही, असं समजायचं का?"

मला हसू आलं, पण प्रश्न अगदी मनापासूनचा होता. सायन्सला नंबर लागला नाही की कॉमर्स, तसं सिंगल्स जमलं नाही की डबल्स, अशी आपली एक समजूत असते. आज त्या प्रश्नाचं जरा सविस्तर उत्तर द्यावं म्हणतो.

पूर्वी असं नव्हतं. आपल्या सांगलीचे नंदू नाटेकर घ्या. 1956 साली मलायात जाऊन आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवणारे पहिले भारतीय बॅडमिंटनपटू. त्यांनी सिंगल्सचं राष्ट्रीय विजेतेपद सहा वेळा जिंकलं, पुरुष डबल्सचंही सहा वेळा आणि मिक्स्ड डबल्सचं पाच वेळा! पुढे खेळाचा वेग वाढला, एकाच माणसाने सगळं खेळणं अवघड झालं. भारतात कौतुक आणि पैसा सिंगल्सकडे वळला. 1982 च्या दिल्ली एशियाडमध्ये प्रदीप गंधे आणि लेरॉय डिसा यांनी पुरुष डबल्सचं ब्राँझ मिळवलं. त्यानंतरचं पदक यायला 2023 साल उजाडलं. एकेचाळीस वर्षं!

ते आणलं मुंबईच्या चिराग शेट्टीने आणि आंध्रातल्या अमलापुरमच्या सात्विकसाईराज रंकीरेड्डीने, आणि तेही थेट गोल्ड. चिराग गोरेगावला उदय पवारांच्या हाताखाली तयार झालेला, सात्विक त्याच्याहून तीन वर्षांनी लहान. मलेशियाचे प्रशिक्षक तान किम हर यांनी दोघांना एकत्र आणलं. अडचण अशी की दोघेही उंच, दोघेही मागे राहून जोरात हाणणारे. आता दोघेही मागे उभे राहिले तर पुढे कोण? मग चिरागने जाळ्याजवळचा खेळ शिकून घेतला. मंडळी, माझ्या मते त्यांच्या करिअरचा पाया तिथे घातला गेला.

कारण डबल्स हा वेगळाच खेळ आहे. कोर्ट सतराऐवजी वीस फूट रुंद, पण सर्व्हिसची हद्द मागून अडीच फूट कमी. त्यामुळे उंच सर्व्हिस केली तर समोरचा ती तिथेच ठोकतो. सर्व्हिस जाळ्याला घासून जायला हवी, आणि पुढच्या दोन-तीन फटक्यांतच पॉइंटचा निकाल लागतो. हल्ला करताना एक पुढे, एक मागे. बचाव करताना दोघे शेजारी-शेजारी. ही अदलाबदल न बोलता व्हावी लागते. 2023 मध्ये जपानमधल्या एका चाचणीत सात्विकच्या स्मॅशचा वेग ताशी 565 किलोमीटर मोजला गेला, गिनेस बुकात नोंद झाली. पण सामन्यात तो स्मॅश मारायची संधी कोण देतं? पुढे उभा असलेला जोडीदार.

आता व्यवहाराचं बोलू. आईवडील म्हणून आपल्याला ते विचारायलाच हवं. 2023 ची इंडोनेशिया ओपन या जोडीने जिंकली. तिथे सिंगल्सच्या विजेत्याला 87,500 डॉलर होते आणि डबल्सच्या जोडीला 92,500. म्हणजे प्रत्येकी 46,250. ट्रॉफी तेवढीच, घाम तेवढाच, रक्कम जेमतेम अर्धी. शिवाय जागतिक क्रमवारी जोडीच्या नावावर असते. जोडीदार बदलला की नवं खातं उघडायचं. त्याचा खांदा दुखला की तुम्हीही घरी. दुसऱ्याच्या खांद्यावर आपलं करिअर, ही साधी गोष्ट नाही.

आणि नशीबही दोघांनी मिळून सोसायचं. टोकियो ऑलिंपिकमध्ये, 2021 साली, त्यांनी गटातले तीनपैकी दोन सामने जिंकले, तरी गेमच्या हिशोबात बाहेर पडले. गटात त्यांनी हरवलेली तैवानची जोडी पुढे गोल्ड घेऊन गेली! 2024 ला पॅरिसमध्ये उपांत्यपूर्व फेरीत मलेशियाच्या चिया आणि सोह यांच्याविरुद्ध पहिला गेम जिंकूनही हरले. एकट्याने हरल्यावर माणूस स्वतःवर चिडतो. दोघांनी हरल्यावर बोट दाखवायला शेजारी कुणीतरी असतं. यांची जोडी फुटली नाही. 2025 मध्ये, पुन्हा पॅरिसमध्येच, जागतिक स्पर्धेत त्याच मलेशियन जोडीला हरवून त्यांनी ब्राँझ घेतलं.

आणि आपल्या दुबईची आठवण तर सांगायलाच हवी. 30 एप्रिल 2023, अल नस्र क्लब, एशियन चॅम्पियनशिपची फायनल. पहिला गेम 16-21 असा गेला, पुढचे दोन 21-17, 21-19 असे जिंकले. या स्पर्धेत भारतीय जोडीला मिळालेलं हे पहिलं विजेतेपद. आपल्यापैकी बरेच जण तिथे होते, दुसऱ्या दिवशी ऑफिसात कुणाचाच आवाज फुटत नव्हता. त्याच वर्षी ऑक्टोबरात एशियाडचं गोल्ड आणि पाठोपाठ जगात पहिला नंबर. मग खेलरत्नही.

डबल्सचा एक मोठा फायदा म्हणजे खेळाचं आयुष्य. इंडोनेशियाचा हेंद्रा सेतियावान 2019 मध्ये पस्तिशीत चौथ्यांदा विश्वविजेता झाला आणि निवृत्त झाला तो 2025 मध्ये, चाळिशीत. पाय थोडे मंदावले तरी नजर आणि अंदाज कामाला येतात.

तर त्या ताईंना माझं उत्तर असं: तुमच्या मुलाला मी डबल्समध्ये घातलं, कारण जोडीदाराचा शॉट चुकला की तो रॅकेट आपटत नाही, पुढच्या सर्व्हिससाठी पाऊल टाकून तयार उभा राहतो. हे शिकवून येणं फार कठीण. बाकीचं मी शिकवीन. आपण पालकांनी एवढंच करायचं: गाडीतून घरी जाताना "तुझ्या पार्टनरमुळे हरलात" हे वाक्य बोलायचं नाही. मुलाने ते एकदा खरं मानलं की जोडी संपली. आणि कुणी विचारलं तर आवाज न उतरवता सांगायचं, "आमचा मुलगा डबल्स खेळतो."

चला, वडे गार होताहेत. सर्वांना दिवाळीच्या मनःपूर्वक शुभेच्छा.