लांब ट्रेलरचं वळण
(रेडिओवरील भाषण)



पुणे-बंगळुरू महामार्गावर किंवा धुळ्याहून साक्रीकडे जाताना पवनचक्कीचं पातं वाहून नेणारा ट्रेलर तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. पुढे दिवा फिरवणारी सोबतीची गाडी, मग ट्रेलर ओढणारा घोडा, म्हणजे पुढचा ट्रक, आणि त्याच्या मागे संपता न संपणारं पांढरं पातं. आपण थांबतो, फोटो काढतो आणि गाडी गेली की आपल्या वाटेला लागतो. ही गाडी वळते कशी, हे आज मला सांगायचं आहे. चालकाचा खरा कस वळणावर लागतो, आणि त्या वळणावर तो एकटा कधीच पुरा पडत नाही.

गळीत हंगामात उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर बघा. शेताकडे वळताना चालक आधी ट्रॅक्टर बाहेरच्या बाजूला घेतो आणि मगच आत वळवतो. तसं केलं नाही तर मागच्या ट्रॉलीचं चाक बांधावर चढतं, नाहीतर चारीत उतरतं. पुढची चाकं ज्या वाटेनं गेली त्या वाटेनं मागची चाकं जात नाहीत. ती वळण आतून कापतात. ट्रेलरचंही असंच होतं, आणि लांबी वाढली की हे कापणं लांबीच्या मानानं फार जास्त वाढतं.

शाळेतल्या पायथागोरसच्या प्रमेयानं याचा हिशोब करता येतो. घोडा आणि ट्रेलर जिथे जोडलेले असतात तो किंगपिन 12 मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर फिरतोय असं समजा. किंगपिनपासून ट्रेलरच्या मागच्या चाकांचं अंतर 8 मीटर असेल, तर गाडी गोल फिरत राहिल्यावर ती चाकं सुमारे 3 मीटर आत येतात. तेच अंतर 10 मीटर केलं, तर ती जवळजवळ 5.4 मीटर आत येतात. अंतर सव्वापट झालं आणि कापणं पावणेदोनपट. महामार्गाची एक मार्गिका साडेतीन मीटर रुंद असते, म्हणजे इथे दीड मार्गिका नुसत्या मागच्या चाकांना द्यावी लागते. चौकातल्या काटकोनी वळणात गाडी पूर्ण गोल फिरत नाही, म्हणून तिथे आकडा थोडा कमी येतो. पण कल तोच राहतो.

मग मागची चाकं पुढे सरकवली तर? कापणं कमी होतं, पण चाकांच्या मागे उरलेला भाग वाढतो. गाडी डावीकडे वळू लागली की हा भाग उजवीकडे बाहेर झुलतो. बाजूच्या मार्गिकेत उभ्या असलेल्या गाडीला, दुभाजकावरच्या खांबाला, थांब्यावरच्या माणसाला त्याचा तडाखा बसू शकतो. त्याच वेळी घोडा डावीकडे वळलेला असल्यानं चालकाच्या उजव्या आरशातून ट्रेलर निघून गेलेला असतो आणि डावा आरसा ट्रेलरच्या अंगानंच भरलेला असतो. धोका उजवीकडे मागे आहे आणि नेमकं तेच त्याला दिसत नाही.

ब्रिटननं या प्रश्नाकडे कसं पाहिलं ते सांगण्यासारखं आहे. तिथे नेहमीच्या ट्रेलरची लांबी 13.6 मीटर होती. ती 2.05 मीटरनं वाढवून 15.65 मीटर करावी, वजनाची 44 टनांची मर्यादा मात्र तीच ठेवावी, असा विचार झाला. हलका पण जागा खाणारा माल एका खेपेत जास्त मावला की खेपा कमी होतील, हे त्यामागचं कारण. तिथल्या सरकारनं 2012 साली त्याची चाचणी सुरू केली. भाग घेणाऱ्या कंपन्यांनी खेपांची आणि अपघातांची माहिती वेळोवेळी द्यायची होती. वळण्याची अट जुन्या ट्रेलरचीच ठेवली: बाहेरून 12.5 मीटर आणि आतून 5.3 मीटर त्रिज्येच्या कड्यात गाडी फिरली पाहिजे. ती पाळण्यासाठी अनेक ट्रेलरना वळणारी मागची चाकं बसवली गेली. सर्वसाधारण परवानगी मिळाली 31 मे 2023 रोजी, तीही मार्गाचं नियोजन आणि धोक्यांचा आढावा कंपनीवर बंधनकारक करून. दोन मीटर लांबी वाढवायला त्यांनी अकरा वर्षं पारख केली.

आपल्याकडच्या पात्यांची लांबी याहून कितीतरी जास्त आहे. साताऱ्यात वनकुसवडे आणि चाळकेवाडीच्या पठारांवर पहिल्यांदा पवनचक्क्या उभ्या राहिल्या तेव्हाची यंत्रं लहान होती. आज पुण्यात मुख्यालय असलेल्या सुझलॉनच्या एस-144 या यंत्राच्या चक्राचा व्यास 144 मीटर आहे. म्हणजे एकेक पातं 70 मीटरच्या आसपास. एसटीच्या सहा गाड्या एकामागे एक लावल्या तर होईल एवढं. त्याचे तुकडे करता येत नाहीत, आणि वारा तर पठारावर असतो. म्हणून हा माल घाट चढून जातो.

हे जमतं ते दोन जागी दोन माणसं असतात म्हणून. पात्याचा जाड बुंधा पुढे असतो आणि निमुळतं टोक मागच्या चाकांच्याही पलीकडे हवेत असतं. मागची चाकं हायड्रॉलिकवर वळतात आणि ती वळवणारा माणूस ट्रेलरच्या मागच्या बाजूला असतो. पुढचा चालक घोडा वळवतो, मागचा माणूस चाकं उलट दिशेला वळवून ट्रेलरचा मागचा भाग बाहेर काढतो, आणि दोघांमध्ये वॉकीटॉकीवर बोलणं चालू असतं. मागच्या माणसाचा शब्द चालकानं निमूटपणे मानायचा असतो. तो 'थांब' म्हणाला की ब्रेक. कारण तिथलं फक्त त्यालाच दिसतंय.

खरं तर निम्मं काम गाडी निघण्याआधीच होतं. रूट सर्व्हे करणारी माणसं टेप घेऊन सगळा रस्ता पायाखाली घालतात. वळणाची रुंदी, झाडाची फांदी, विजेच्या तारेची उंची, पुलाची ताकद, सगळं लिहून घेतात. रस्त्याचा उंचवटासुद्धा मोजावा लागतो. चढ संपून उतार लागतो तिथे लांब आणि बुटक्या ट्रेलरचं पोट जमिनीला टेकतं, आणि एकदा टेकलं की गाडी ना पुढे जाते ना मागे.

आता रिव्हर्सविषयी. ट्रेलर मागे घेताना स्टेअरिंग डावीकडे फिरवलं की त्याचं मागचं टोक उजवीकडे जातं. आखूड ट्रेलर लगेच वळतो, लांब ट्रेलर सावकाश. नवखा चालक गाडी वळत नाही म्हणून आणखी स्टेअरिंग फिरवतो, आणि मग ट्रेलर वळू लागला की थांबवता येत नाही. घोडा आणि ट्रेलर कात्रीत सापडतात. जाणता चालक थोडंसं फिरवतो, वाट पाहतो, आणि ट्रेलर हवा तितका वळायच्या आधीच स्टेअरिंग सरळ करू लागतो. शक्य असेल तिथे तो उजव्या अंगाला रिव्हर्स घेतो, कारण तो उजवीकडे बसलेला असतो आणि ती बाजू त्याला दिसते. शंका आली की हँडब्रेक लावून खाली उतरतो आणि मागे जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघतो. यात कमीपणा नाही. याच सवयीमुळे चालक भरवशाचा ठरतो.

श्रोतेहो, यात आपलाही वाटा आहे. दुचाकी चालवणाऱ्या तरुण मुलामुलींना मला कळकळीनं सांगायचं आहे: लांब ट्रेलर चौकाजवळ उजवीकडे सरकला आणि त्याच्या डावीकडे मोकळी जागा दिसली, तर तो साइड देतोय असं समजू नका. तो बहुधा डावीकडे वळायच्या तयारीत असतो. ती जागा त्याच्या मागच्या चाकांसाठी आहे आणि काही क्षणांत ती राहणार नाही. त्याचा इंडिकेटर बघा आणि मागेच थांबा. घाटात पात्याची गाडी दिसली, तर वळणाच्या आतल्या बाजूला आणि तिच्या टोकाखाली उभे राहू नका. सोबतीच्या गाडीतला माणूस थांबायला सांगतो तेव्हा थांबा. तुमची दहा मिनिटं जातील, पण मागचा माणूस निश्चिंतपणे काम करू शकेल.

आणि सरकारकडे एक मागणी. धोकादायक माल नेणाऱ्या चालकाला आपल्या नियमांप्रमाणे तीन दिवसांचं खास प्रशिक्षण घ्यावं लागतं. ज्वलनशील मालाच्या टँकरचा धोका आपण ओळखला, तसाच लांबीचाही ओळखायला हवा. अतिलांब माल नेणारा चालक आणि मागची चाकं वळवणारा त्याचा साथीदार, दोघांनाही सक्तीचं प्रशिक्षण आणि त्याचा दाखला मिळाला पाहिजे. पुण्यात भोसरीला केंद्रीय रस्ते परिवहन संस्था आहे. हे काम करू शकतील अशी माणसं आणि जागा आपल्याकडे आहेत. ही विद्या आज बरीचशी उस्तादाकडून शागिर्दाकडे, रस्त्यावर, चुकतमाकत जाते. तिला अभ्यासक्रम मिळाला, परीक्षा मिळाली, तर या माणसांची मजुरीही वाढेल आणि मानही. पठारावरच्या विजेवर आपला जितका हक्क आहे, तितकंच ती पाती वर नेणाऱ्या हातांचं आपण देणं लागतो.