हरलेल्या पोराला दुसरी कुस्ती
(वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



संयोजकांनी पत्रात लिहिलं होतं, जिद्दीची कहाणी सांगा. कहाणी सांगतो. पण पहिल्यांदा हरलेला मल्ल पुढे मोठा होतो तेव्हा त्यात जिद्द असते तेवढीच आणखी एक गोष्ट असते. त्याला पुन्हा लढायला मिळालेलं असतं. या दुसऱ्या गोष्टीकडे आपलं लक्ष जात नाही, म्हणून आज तिच्यावर जास्त बोलणार आहे.

खाशाबा जाधवांचं नाव इथे प्रत्येकाला माहीत आहे. कऱ्हाडजवळचं गोळेश्वर, १९२६ चा जन्म, वडील दादासाहेब स्वतः मल्ल, शिक्षण कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलात आणि मग कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात. १९५२ साली हेलसिंकीत ब्राँझपदक, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. भाषणांत इथपर्यंत सगळे येतात. त्याआधीचं १९४८ मात्र एका वाक्यात उरकलं जातं: ‘लंडनमध्ये ते सहावे आले.’

हे सहावं येणं नीट पाहायला हवं. बावीस वर्षांचा पोरगा, ५२ किलोचा गट, जाण्यायेण्याचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचललेला. आयुष्य लाल मातीत गेलेलं. मातीत ताक, तेल, हळद, लिंबू मुरवून हौदा तयार करतात; तिथे पाय रुततो, पकड घ्यायला उसंत मिळते, आणि पडलं तर मातीच झेलून घेते. लंडनला समोर मॅट. तिथे पाय रुतत नाही, प्रतिस्पर्धी खालून पायात शिरतो, आणि घड्याळ चालू असतं. तिथे रीस गार्डनर या अमेरिकन मल्लाकडून थोडं मार्गदर्शन मिळालं, एवढीच तयारी. तरी खाशाबांनी ऑस्ट्रेलियाच्या आणि अमेरिकेच्या मल्लांना हरवलं. इराणच्या मन्सूर रईसीपुढे मात्र हरले आणि स्पर्धेबाहेर गेले.

आता फरक बघा. आपल्या मैदानी कुस्तीत निकाल एकच, पाठ लागली की संपलं. निकाली झाली नाही तर पंच बरोबरीत सोडवतात. हरलेल्या मल्लाला घरी न्यायला एवढंच मिळतं की आपण चितपट झालो. मॅटवरच्या हारीला हिशेब असतो. कुठल्या मिनिटाला गुण गेला, कुठल्या डावावर गेला, आपण कड सोडून बाहेर किती वेळा गेलो, सगळं कागदावर येतं. तिथे माणूस एका गुणानेही हरतो, आणि एका गुणाची हार दुरुस्त करता येते. मातीची थोरवी मला मान्य आहे. तिच्यावर वाढलेल्या मल्लांची नावं आपण देवासारखी घेतो. पण शिकणाऱ्याला हार समजावून सांगण्यात मॅट उजवा आहे, हे माझं स्पष्ट मत आहे. जुन्या वस्तादांना ते आवडणार नाही, याची कल्पना आहे.

खाशाबांनी पुढची चार वर्षं नुसते जोर-बैठका वाढवले नाहीत. मेहनत तर होतीच. पण गट बदलला, ५२ वरून ५७ किलोत गेले. ढाक त्यांचा हुकमी डाव. तो डाव मॅटवर, घड्याळाच्या आत आणि गुणांच्या भाषेत बसवावा लागला. तेच तसंच पुन्हा करत राहणं याला आपण चिकाटी म्हणतो. लंडनची चूक हेलसिंकीत पुन्हा केली असती तर तीही चिकाटीच ठरली असती, आणि निकालही तोच लागला असता.

मग हेलसिंकीला जायची वेळ आली. निवडीतच गडबड झाली आणि नाव मागे पडलं. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, पुन्हा लढत ठरली, आणि ती निरंजन दास यांच्याविरुद्ध त्यांनी जिंकली. निवड झाली तर पैसे नाहीत. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले, गावाने वर्गणी काढली. १९५२ सालचे सात हजार! परत आल्यावर खाशाबांनी कुस्त्यांची मैदानं भरवली आणि त्या इनामातून प्राचार्यांचं घर सोडवलं, असं सांगितलं जातं. जिद्द खाशाबांची होती, त्यात वाद नाही. पण दुसरी संधी गहाणखतावर उभी होती. खर्डेकरांनी घराचा विचार केला असता, आणि कोणी त्यांना दोष दिला नसता, तर खाशाबा आज लंडनचे सहावे म्हणून एखाद्या तळटीपेत असते.

हेलसिंकीत कॅनडाचा आणि मेक्सिकोचा मल्ल हरवून ते शेवटच्या तिघांत आले. उरलेले दोघे जपानचा शोहाची इशी आणि सोव्हिएत संघाचा रशीद मामेदबेकोव. खाशाबा दोघांशीही हरले. दोन लढतींच्या मध्ये हक्काची विश्रांती मिळाली नाही आणि त्यासाठी भांडायला आपला अधिकारी तिथे नव्हता, असं सांगतात. म्हणजे ज्या पदकाची मिरवणूक बैलगाड्यांतून निघाली, त्या पदकाच्या आधीच्या दोन्ही कुस्त्या हरलेल्या होत्या. त्या काळच्या नियमांत एका हारीने मल्ल घरी जात नसे. प्रत्येक लढतीचे दोषगुण जमत आणि मर्यादा ओलांडली की मग बाहेर. नियमातच हरणाऱ्याला जागा होती.

अशी जागा शिकवणीतही ठेवता येते. तो इशी मुळात जुदोचा खेळाडू. महायुद्धानंतर जपानात जुदोवर बंदी आली म्हणून तो कुस्तीकडे वळला. जुदोत पहिला धडा डावाचा नसतो, पडण्याचा असतो. हनुवटी छातीला, हाताने जमिनीवर सपाट फटका, पाठ गोल. नवीन पोराला आधी पडायला शिकवतात, मग पाडायला. ज्याला पडण्याचं भय नाही तो डाव पूर्ण टाकतो, भ्यालेला अर्धवट टाकून अडकतो.

अलीकडचं पाहू. २००८ ला बीजिंगमध्ये सुशील कुमार पहिलीच लढत युक्रेनच्या स्टाडनिकशी हरला. स्टाडनिक अंतिम फेरीत गेला म्हणून सुशीलला रेपेचेजमध्ये, म्हणजे हरलेल्यांच्या फेरीत, पुन्हा बोलावलं. ओळीने तीन कुस्त्या जिंकून त्याने ब्राँझ घेतलं. २०१२ ला लंडनमध्ये योगेश्वर दत्त कुदुखोवशी हरला, रेपेचेजमध्ये आला, एक डोळा सुजून मिटलेला असताना तीन लढती मारल्या, ब्राँझ. २०१६ ला रिओत साक्षी मलिक उपांत्यपूर्व फेरीत कोब्लोवाशी हरली, पुन्हा बोलावलं गेलं, आणि शेवटच्या लढतीत ०–५ पिछाडीवरून ८–५ ने जिंकून ब्राँझ घेतलं. तीन ऑलिंपिक, तीन पदकं, तिन्ही आधी हरलेल्यांची. स्पर्धा सरळ बाद पद्धतीची असती तर तिघेही दुपारीच बॅग भरून बसले असते, आणि आपण त्यांच्या जिद्दीवर व्याख्यानं दिली नसती.

आणि आपल्याकडे काय होतं? जत्रेत रेवड्यांवरच्या कुस्त्या लागतात, त्यात हरलेलं पोर निदान तासाभराने दुसऱ्या जोडीला उभं राहू शकतं. शालेय स्पर्धेत तेवढंही नाही. एखादं पोर पहाटे उठून एसटीने तालुक्याला येतं, वजन देतं, चिठ्ठीत तगडा गडी निघतो, काही सेकंदांत खेळ आटोपतो. वर्षाची मेहनत आणि एका मिनिटाचा अनुभव. त्यातही चौदा-पंधराच्या वयात कोणाला मिसरूड फुटलेली असते, कोणाचा आवाजही बदललेला नसतो. लवकर अंग धरलेला पोरगा ताकदीवर जिंकतो आणि डाव शिकायची त्याला गरजच पडत नाही. चार वर्षांनी बाकीचे अंगाने त्याला गाठतात तेव्हा तो अडतो. उशिरा वाढणारा पोरगा या चार वर्षांत हरत हरत डाव शिकलेला असायला हवा होता, पण तोवर त्याने लंगोट खुंटीला टांगलेला असतो. वय चोरून खेळवणारे पालक आणि प्रशिक्षक ही दरी आणखी वाढवतात. त्यांच्याबद्दल मला कसलीही सहानुभूती नाही.

वस्तादाचं कामही इथेच असतं. पोर हरून आलं की ‘खुराक कमी पडला’ म्हणणं सोपं. कोणत्या हाताची पकड सुटली, पाय कधी उचलला, दम कुठे संपला, हे त्याच संध्याकाळी बसून विचारणारा वस्ताद विरळा. पण विचारायलासुद्धा कुस्त्या लागतात. एका मिनिटाच्या लढतीतून वस्ताद तरी काय काढणार?

म्हणून या व्यासपीठावरून क्रीडाशिक्षकांना, पंचांना आणि मैदानं भरवणाऱ्या गावकऱ्यांना एकच विनंती करतो. आंतरराष्ट्रीय कुस्तीत गटात सहापेक्षा कमी मल्ल असले की साखळी पद्धतीने प्रत्येकाला प्रत्येकाशी लढवतात. आपल्या तालुक्यात असे छोटे गट पुष्कळ असतात, तिथे हेच करा. मोठ्या गटात पहिल्या फेरीत हरलेल्यांच्या आपसात जोड्या लावा. आखाडा आहे, पंच आहेत, पोरं दुपारपर्यंत थांबलेलीच असतात. फक्त यादी दुसऱ्यांदा लिहावी लागते. येत्या हंगामात आपल्या मैदानात आलेलं कुठलंही पोर तीन कुस्त्या खेळल्याशिवाय घरी जाणार नाही, एवढं ठरवा.