देहभार, शस्त्रक्रिया आणि विवेक
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



संस्थेच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीत तप, दान आणि स्वाध्याय या विषयांवर विपुल चिंतन घडले आहे. आजचा विषय मात्र व्यासपीठावर फारसा येत नाही. तो घराघरांत, दबक्या आवाजात बोलला जातो. वजन कमी करण्यासाठी पोटावर करावयाची शस्त्रक्रिया स्वीकारावी, की स्थूलतेसह आयुष्य कंठावे, हा तो प्रश्न. अनेकान्ताचा वारसा लाभलेल्या समाजाने त्याकडे एकाच बाजूने पाहणे योग्य नव्हे.

एक कल्पित, परंतु अनेकांना ओळखीचे वाटेल असे उदाहरण समोर ठेवावे. दारव्ह्याच्या बाजारपेठेतील एका कापड व्यापाऱ्याच्या घरची श्राविका. वय ४८, उंची १५५ सेंटिमीटर, वजन ९८ किलो. बारा वर्षांपासून मधुमेह असून आता इन्सुलिन सुरू झालेले. रात्री झोपेत घोरता घोरता श्वास अडकतो. स्थानकाच्या पायऱ्या चढताना गुडघे साथ देत नाहीत. दर चातुर्मासात ती अट्ठाई करते. चार-पाच किलो वजन उतरते आणि दिवाळीपर्यंत परत येते. नागपूरच्या डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सुचविली, तेव्हा मुलगा म्हणाला, "आई, करूनच टाकू." सासूबाई म्हणाल्या, "धडधाकट पोट कापून काढायचे, हे कसले औषध?" आणि ती स्वतः एवढेच म्हणाली, "माझेच तप कमी पडले असेल."

या तिन्ही उद्गारांत थोडे सत्य आहे आणि थोडी चूक आहे. प्रथम तिच्या स्वतःच्या उद्गाराचा विचार करणे उचित ठरेल.

बाह्य तपाच्या सहा प्रकारांत अनशनानंतर लगेच ऊनोदरीचे स्थान आहे. भुकेपेक्षा चार घास कमी खाणे, हे तिचे साधे रूप. ऊनोदरी, रसपरित्याग, चौविहार आणि बियासणे यांतील प्रत्येक नियम आहारशास्त्राच्या कसोटीलाही उतरतो. नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार यांनी दिवसातून दोनदाच जेवण्याचा विचार मांडला आणि डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी तो महाराष्ट्रभर पोहोचविला, तेव्हा जैन घरांतील वृद्धांना त्यात बियासण्याची आठवण झाली असल्यास नवल नाही. परंतु तपाचे प्रयोजन कर्मनिर्जरा हे आहे, वजनकाट्यावरील आकडा नव्हे. वजन उतरले नाही म्हणून तप निष्फळ झाले असे मानणे हा तपाचाच अधिक्षेप होय. शिवाय आठ दिवसांचा उपवास आणि पारण्यानंतरचे तूप, मैदा, फरसाण व मिष्टान्न यांचा जमाखर्च मांडला, तर वर्षाखेरीस शिल्लक कोणाच्या खाती पडते, हे व्यापारी समाजास समजावून सांगण्याची गरज नाही. इन्सुलिन चालू असताना वैद्यकीय सल्ल्यावाचून केलेले निर्जळ उपवास तर जिवावर बेतू शकतात.

दीर्घकाळची स्थूलता ही केवळ इच्छाशक्तीची उणीव नव्हे. वजन घटू लागताच शरीर भूक वाढविते आणि ऊर्जेचा खर्च आखडते; घटलेले वजन परत आणण्यासाठी ते जणू झटत असते. भारतीय देहाची आणखी एक विशेषता आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचे २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेले छायाचित्र प्रसिद्ध आहे. दोघांचाही शरीरभार निर्देशांक, म्हणजेच बीएमआय, २२.३ होता; परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के होती. म्हणूनच भारतीयांसाठी २३ च्या वरचा निर्देशांक अतिवजन आणि २५ च्या वरचा स्थूलता मानण्याचे ठरले आहे. उपरोक्त श्राविकेचा निर्देशांक ४० च्या पुढे जातो.

आता तराजूच्या पहिल्या पारड्याचा विचार. काहीही न करणे म्हणजे धोका न पत्करणे, असा एक समज आहे. तो खरा नाही. अतिस्थूलतेसह जगणे हीसुद्धा एक निवड आहे आणि तिची किंमत दररोज थोडी थोडी वसूल होत असते. मधुमेह, उच्च रक्तदाब, हृदयविकार, यकृतातील चरबी, झोपेतील श्वासावरोध आणि सांध्यांची झीज यांचा तिच्याशी निकटचा संबंध आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ साली १३ प्रकारच्या कर्करोगांशी तिचा संबंध असल्याचा निर्वाळा दिला. २०१९ ते २१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील २४ टक्के स्त्रिया आणि सुमारे २३ टक्के पुरुष अतिवजन किंवा स्थूल होते. कापूस उत्पादकांच्या हालअपेष्टांसाठी ज्या यवतमाळ जिल्ह्याचे नाव घेतले जाते, तेथील बाजारपेठांच्या गावांत हा दुसरा रोगही वाढावा, हे काळाचे विचित्र रूप आहे.

दुसऱ्या पारड्यात शस्त्रक्रिया आहे. आज प्रामुख्याने दोन प्रकार प्रचलित आहेत. 'स्लीव्ह' या प्रकारात जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग काढून उरलेल्या भागाची अरुंद नळी केली जाते. 'बायपास' या प्रकारात जठराची लहान पिशवी करून ती लहान आतड्याच्या पुढील भागास जोडली जाते. दोन्हींत केवळ जागा कमी होते असे नव्हे, तर आतड्यांतील संप्रेरकांत बदल होऊन भूक मंदावते आणि साखर आटोक्यात येण्यास साहाय्य होते. स्लीव्हमध्ये काढलेला जठराचा भाग परत मिळत नाही, हे सासूबाईंचे म्हणणे मात्र अक्षरशः खरे आहे.

लाभ किती? स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्या सुमारे दोन हजार आणि न झालेल्या तितक्याच स्थूल व्यक्तींचा दीर्घकाळ मागोवा घेण्यात आला. शस्त्रक्रिया झालेल्यांचे वजन दोन वर्षांनी सरासरी २३ टक्के, तर वीस वर्षांनीही १८ टक्के कमी होते. मधुमेहींपैकी ७२ टक्क्यांचा मधुमेह दोन वर्षांनी शमलेला होता. पंधरा वर्षांनी हे प्रमाण ३० टक्क्यांवर आले. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार शस्त्रक्रिया झालेल्यांचे आयुर्मान सुमारे तीन वर्षांनी अधिक होते. तरीही ते सर्वसामान्य लोकसंख्येपेक्षा साडेपाच वर्षांनी कमीच राहिले. त्यातील बहुतेक शस्त्रक्रिया जुन्या पद्धतीच्या होत्या आणि रुग्णांची विभागणी चिठ्ठ्या टाकून झालेली नव्हती, हेही लक्षात ठेवावयास हवे. तथापि तात्पर्य स्पष्ट आहे: लाभ खरा आहे, पण तो चमत्कार नव्हे.

धोका किती? याच अभ्यासात पहिल्या नव्वद दिवसांतील मृत्यूचे प्रमाण हजारी दोन होते. अमेरिकेतील २००९ सालच्या एका मोठ्या पाहणीत तीस दिवसांतील मृत्यू हजारी तीन आणि गंभीर गुंतागुंत सुमारे चार टक्के आढळली. टाक्यांच्या जागेतून गळती, रक्तस्राव आणि पायातील रक्ताची गुठळी फुप्फुसात जाणे हे आरंभीचे धोके. पुढे स्लीव्हनंतर आम्लपित्त बळावणे, झपाट्याने वजन घटल्यामुळे पित्ताशयात खडे होणे, बी-१२, लोह, कॅल्शियम व ड जीवनसत्त्वाची कमतरता आणि काहींचे वजन पुन्हा वाढणे. काही अभ्यासांत शस्त्रक्रियेनंतर आत्महत्यांचे प्रमाण वाढलेले आढळले. म्हणून मनाची तपासणी आणि कुटुंबाचा आधार हा उपचाराचाच भाग मानला जातो.

महाराष्ट्रास या विषयाच्या दोन टोकांची माहिती वर्तमानपत्रांतून झाली. विदर्भाचे नेते नितीन गडकरी यांनी २०११ साली मुंबईत ही शस्त्रक्रिया करून घेतली आणि त्यानंतरही ते सार्वजनिक जीवनात कार्यरत राहिले. २०१७ साली इजिप्तमधील इमान अहमद यांना सुमारे पाचशे किलो वजन असताना मुंबईत आणण्यात आले. मार्चमध्ये शस्त्रक्रिया झाली, वजनही बरेच उतरले. पुढील उपचारांसाठी त्यांना मे महिन्यात अबुधाबीला नेण्यात आले आणि सप्टेंबरमध्ये तेथे त्यांचे निधन झाले. एका उदाहरणावरून हर्षभरित होणे आणि दुसऱ्यावरून भयभीत होणे, दोन्ही विवेकास सोडून आहे. देह जर्जर होण्यापूर्वी निर्णय व्हावा, एवढा बोध मात्र दोहोंतून घेता येतो.

जैन कुटुंबांसाठी काही प्रश्न विशेष महत्त्वाचे आहेत. शस्त्रक्रियेनंतर दररोज सुमारे साठ ग्रॅम प्रथिने लागतात आणि पाणी एकदम न पिता दिवसभर घोट घोट प्यावे लागते. त्यामुळे आरंभीच्या काळात निर्जळ उपवास, अट्ठाई, आयंबिलाची ओळी किंवा वर्षीतप करणे हितावह नाही. पुढेही ते डॉक्टरांना विचारूनच करावे. चौविहार पाळणाऱ्यांनी सूर्यास्तापूर्वी पुरेसे पाणी पोटात जाईल असे दिवसाचे वेळापत्रक आधीच आखून घ्यावे. मूग, मसूर, हरभरा, सोयाबीन, पनीर, ताक आणि दुधापासूनची प्रथिन-भुकटी यांतून कंदमुळांवाचून प्रथिनांची गरज भागू शकते. शाकाहारींत बी-१२ मुळातच कमी असते. म्हणून त्याची तपासणी शस्त्रक्रियेपूर्वीच व्हावी.

औषधांचाही विचार आवश्यक आहे. जीवनसत्त्वांच्या अनेक कॅप्सूलचे आवरण प्राणिज जिलेटिनचे असते. त्याऐवजी गोळ्या किंवा वनस्पतिजन्य आवरणाच्या कॅप्सूल मागता येतात. रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून दिले जाणारे हेपारिन आणि एनॉक्सापॅरिन डुकराच्या आतड्यापासून तयार होते. फोंडापॅरिनक्स हे कृत्रिमरीत्या बनविलेले औषध आहे. ते प्रत्येक रुग्णास योग्य असतेच असे नाही. परंतु प्रश्न आधी विचारला तरच मार्ग निघू शकतो. ऐनवेळी इंजेक्शन नाकारणे मात्र प्राणघातक ठरू शकते. प्रत्याख्यानात आगारांची योजना आहे, ती विनाकारण नव्हे. अशा प्रसंगी गुरुमहाराजांचे मार्गदर्शन घ्यावे.

अंतराचाही हिशेब मांडावा. यवतमाळहून नागपूर सुमारे दीडशे किलोमीटर आहे. उमरखेड-पुसदकडील रुग्णास ते आणखी दूर पडते. पहिल्या काही आठवड्यांत ताप, वेगाने चालणारी नाडी, वाढती पोटदुखी किंवा धाप लागल्यास 'सकाळी पाहू' असे म्हणून चालत नाही. शल्यचिकित्सकांना आधीच विचारावे: वर्षाकाठी अशा किती शस्त्रक्रिया होतात, गळतीचे प्रमाण किती, हाच प्रकार का सुचविला, आणि पाच वर्षांनी तपासणी कोण करील? विम्याची कागदपत्रेही पाहावीत. विमा नियामक प्राधिकरणाच्या २०१९ च्या निकषांनुसार निर्देशांक ४० किंवा त्याहून अधिक असल्यास, अथवा ३५ सह ठरावीक गंभीर आजार असल्यासच हा खर्च ग्राह्य धरण्याची तरतूद करण्यात आली. वैद्यकीय निकष मात्र अधिक उदार आहेत. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींनी आशियाई व्यक्तींसाठी २७.५ पासून विचार करण्यास मुभा दिली.

तिसरा मार्गही आता खुला झाला आहे. टिर्झेपटाइड आणि सेमाग्लुटाइड ही वजन घटविणारी आठवड्याची इंजेक्शने २०२५ साली भारतात त्यासाठी उपलब्ध झाली. चाचण्यांत सुमारे १५ ते २० टक्के वजन घटले. परंतु औषध थांबविल्यावर त्यातील बराच भाग परत आला. ज्यांना शस्त्रक्रिया नको किंवा सोसणार नाही, त्यांनी या मार्गाची चौकशी अवश्य करावी.

अखेर त्या श्राविकेचे काय? इन्सुलिन, श्वासावरोध आणि ४० च्या पुढील निर्देशांक पाहता तिच्या बाबतीत पारडे शस्त्रक्रियेकडे झुकते; मात्र तपासण्या, आजीवन जीवनसत्त्वे आणि घरच्यांची साथ यांची हमी असेल तरच. तिच्याच शेजारची, पन्नास-पंचावन्न किलोंऐवजी पासष्ट किलो वजनाची आणि अन्य आजार नसलेली गृहिणी केवळ लग्नकार्यात बारीक दिसावे म्हणून हाच विचार करीत असेल, तर तिला ऊनोदरी आणि रोजचे चालणे पुरे. मुलाची घाई आणि सासूबाईंचे भय यांच्या मध्ये निर्णयाचा अधिकार त्या श्राविकेचाच आहे.

समाजाकडून एवढीच अपेक्षा, की कुणाच्याही देहाची थट्टा होऊ नये, शस्त्रक्रिया केलेल्यास 'संयम जमला नाही' असे हिणवू नये आणि स्वामीवात्सल्याच्या पंगतीत आग्रहाचा वाढीव लाडू ताटात पडू नये. परदेहाला पीडा न देणे ही अहिंसा. स्वतःच्या देहाची उपेक्षा न करणे हाही तिचाच विस्तार होय.

जिनाज्ञेविरुद्ध काही उच्चारले गेले असल्यास त्रिविधे मिच्छामि दुक्कडम्.

॥ जय जिनेंद्र ॥