पोटातले ठोके, घरचं यंत्र

आठव्या महिन्यातली एक मुलगी माझ्याकडे आली. बाळाची हालचाल दोन दिवस मंदावली होती. ‘‘पण मॅडम, घरच्या डॉपलरवर ठोके ऐकू येत होते,’’ ती म्हणाली. तिला यंत्र लावायला सांगून मी तिची नाडी धरली. लय एकच! बाळाचे ठोके मिनिटाला ११० ते १६० पडतात. हे ९० तिचेच होते. त्याच रात्री सिझेरियन केलं, बाळ वाचलं. २००९ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये इंग्लंडमधल्या अशाच एका बाईची हकीकत आली होती, तिचं बाळ गेलं. मला भीती वाटते ती या खोट्या दिलाशाची. ठोके ऐकू आले तरी हालचाल मंदावली, तर लगेच दवाखाना गाठा, मध्यरात्र असली तरी.