सूत्र पाठ, प्रश्न गायब
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात, इंदूर येथे केलेले भाषण)



आम्ही शिक्षक नाही, बँकेत काउंटरवर बसणारी माणसं. तरी शिक्षणावर बोलायला उभे आहोत, कारण शाळेत जे शिकवलं जातं त्याचं फळ शेवटी आमच्या खिडकीवर येतं. मागे एक पदवीधर मुलगा बाहेरच्या कर्जाचं पत्रक घेऊन आला. 1 लाख रुपये, 3 वर्षं, 10 टक्के 'फ्लॅट'. म्हणाला, तुमच्यापेक्षा स्वस्त! आम्ही विचारलं, अरे, दरमहा मुद्दल फेडत जाणार, मग तिसऱ्या वर्षीही व्याज पूर्ण लाखावर कसं? तो गप्प. व्याजाचं सूत्र त्याला तोंडपाठ होतं. खरा दर जवळजवळ 18 टक्के पडतो, हे त्याला कागद-पेन्सिल देऊन दाखवावं लागलं. त्याला का हसावं? आम्हीही गाईड घोकूनच बी.कॉम. झालो.

दुसरी पद्धत असते, आणि ती आपल्याच मध्य प्रदेशात चालली. 1972 साली होशंगाबाद जिल्ह्यात (2022 पासून नर्मदापुरम) 16 शाळांत सहावी ते आठवीचं विज्ञान प्रयोगातून शिकवायला सुरुवात झाली. 'बाल वैज्ञानिक' या पुस्तकात तयार उत्तरं नसत. चार-चार मुलांनी मिळून प्रयोग करायचा, दिसेल ते वहीत लिहायचं, मग वर्गात वाद घालायचा. परीक्षेलासुद्धा पुस्तक-वही सोबत नेता येई! पाठांतराला किंमतच उरली नाही. मुलं 'सवालीराम' या काल्पनिक गृहस्थाला पत्रं लिहून शंका विचारत आणि त्यांना उत्तरं जात. 1982 मध्ये स्थापन झालेल्या 'एकलव्य' संस्थेने हे काम पुढे नेलं, 15 जिल्ह्यांत पसरवलं. 2002 मध्ये राज्य सरकारने ते बंद केलं. तेव्हा सरकार कुणाचं होतं हे इथे बहुतेकांना आठवत असेल. पण नंतर आलेल्यांनीही ते पुन्हा सुरू केलं नाही, हेही लक्षात असू द्या. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात घोकंपट्टीविरुद्ध भरपूर लिहिलं आहे. मतं मागायला येतील त्यांना विचारू या, की आमच्या वॉर्डातल्या शाळेत प्रयोगाचं सामान कपाटाबाहेर कधी निघतं?

मात्र सरकारला विचारण्याआधी घरचं बोलू. आपल्या मंडळाच्या दहावीच्या वर्गात गेल्या वर्षी बाईंनी शनिवारचा एक तास वेगळा ठेवला. धडा वाचून मुलांनीच प्रश्न काढायचे, बाई उत्तर सांगणार नाहीत. दोन महिन्यांत तीन पालकांनी मुलं काढून कोचिंगला घातली. 'इम्पॉर्टंट' काढून द्या, अशी चिठ्ठी कार्यकारिणीकडे आली आणि तास बंद झाला. आम्ही त्या बैठकीत होतो. हात वर करणाऱ्यांत आमचाही हात होता. आमची मुलगी त्याच वर्गात. घरी येऊन ती एवढंच म्हणाली, "बाबा, माझा प्रश्न राहिला."

तो तास पुन्हा सुरू करावा, असा ठराव आम्ही आज मांडत आहोत. अनुमोदन कोण देतंय?